बोटीवरची म्युझिक सिस्टिम: आवाज वाढवला की अँप (अँप्लिफायर) बंद पडतो, इंजिनाबरोबर शीळ ऐकू येते

सुकाणू_२२

नमस्कार मंडळी. फायबरची साडेसहा मीटरची बोट आहे. मागे एक पेट्रोल आउटबोर्ड आणि मागच्याच पेटीत १२ व्होल्टची एकुलती बॅटरी. स्टिरिओ सुकाणूसमोरच्या पॅनेलमध्ये, चार चॅनेलचा क्लास डी अँप त्याखाली कन्सोलमध्ये, चार स्पीकर, प्रत्येकी ४ ओहम. तक्रारी अशा:

१. आवाज निम्म्यावर नेला की बेसच्या ठोक्याला अँप बंद पडतो. लाल दिवा लागतो, दोन-तीन सेकंदांत परत सुरू होतो. इंजिन बंद असताना हे जास्त होतं.
२. इंजिन चालू असलं की स्पीकरमधून बारीक शीळ येते. थ्रॉटल वाढवला की शीळही चढते.
३. स्टार्टर मारला की स्टिरिओ बंद होऊन परत चालू होतो.
४. मागचा उजवा स्पीकर लाटांवर खरखरतो, मध्येच गप्प बसतो.

बॅटरीपासून अँपपर्यंत १० स्क्वेअरची (चौरस मिमी) लाल वायर आहे, लांबी साधारण ५ मीटर. अँपचा निगेटिव्ह कन्सोलमधल्या निगेटिव्ह बसबारवर (सगळ्या काळ्या वायरी एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीवर) घेतलाय. बॅटरी नवी आहे. अँप बदलून पाहिला, काही फरक नाही. सुरुवात कुठून करू?

ओहमकार

दुसरा अँपही तसाच वागतोय, तेव्हा अँप सोडा आणि त्याच्यापर्यंत पोचणारं व्होल्टेज बघा. १२ व्होल्टचे बहुतेक अँप साधारण १० ते १०.५ व्होल्टच्या खाली गेले की स्वतःला बंद करून घेतात. इंजिन चालू असताना लाइनवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात, म्हणून पडायला जागा असते. इंजिन बंद केलं की सुरुवातच १२.६ला होते. तुमचं पहिलं लक्षण याला तंतोतंत जुळतं.

आता मोजायचं कसं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि अँप चालू, आवाज मोठा असतानाच मोजा. करंट वाहत नसेल तर कुजलेला जोडही पूर्ण १२.६ दाखवतो. चार आकडे हवेत:

अ) बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर.
आ) अँपच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह स्क्रूवर.
इ) एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरा अँपच्या पॉझिटिव्ह स्क्रूवर.
ई) एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा अँपच्या निगेटिव्ह स्क्रूवर.

प्रोब खांबावरच टेकवा, लगवर (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर) नको. खांब आणि लग यांच्या मध्येही व्होल्ट पडतात आणि तेच हुकतात. ५ मीटरचं अंतर गाठायला एखादी जुनी बारीक वायर प्रोबला जोडून लांबवा. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे तिच्या जाडीने आकडा बदलत नाही.

(इ) अधिक (ई) म्हणजे (अ) आणि (आ) मधला फरक. हा हिशोब जुळला नाही तर मोजण्यात काहीतरी हुकलंय असं समजा.

गाण्यावर आकडा नाचत राहतो. फोनवर ६० हर्ट्झचा टोन लावलात तर स्थिर मिळेल, पण पाच सेकंदांच्या वर वाजवू नका, सलग टोनने स्पीकरची कॉइल तापते. स्पीकरला अजिबात ताण द्यायचा नसेल तर अँपच्या पॉवर स्क्रूंवर ५५ वॅटचा हॅलोजन हेडलाइट बल्ब जोडा. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो. आलेले व्होल्ट मग प्रमाणात वाढवून बघायचे.

आणि कंटिन्युइटीच्या 'बीप'वर जाऊ नका. पन्नास तारांतली एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो. त्या एका तारेतून ३० अँपिअर जाणार नाहीत.

खारावारा

मोजायला बसण्याआधी एक गोष्ट. पेट्रोलची बोट आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साचून राहते. मागची पेटी उघडा, ब्लोअर असेल तर किमान ४ मिनिटं चालवा, वास घ्या आणि मगच प्रोब लावा. बॅटरीची वायर सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

टाकीच्या किंवा इंजिनाच्या बंदिस्त जागेत अँप, साधा रिले किंवा साधा फ्यूज होल्डर बसवायचा नाही. तिथल्या प्रत्येक वस्तूवर 'इग्निशन प्रोटेक्टेड' असा छाप हवा. वॉटरप्रूफ असणं ही वेगळी गोष्ट आहे, तिच्याने ठिणगी आतच राहील याची खात्री मिळत नाही.

सुकाणू_२२

मोजले. ६० हर्ट्झचा टोन, इंजिन बंद. डीसी क्लॅम्प मीटरवर ३० अँपिअरच्या आसपास.

बॅटरीवर १२.४
अँपवर १०.६
पॉझिटिव्ह बाजूला ०.५
निगेटिव्ह बाजूला १.३

ओहमकार

हिशोब चोख जुळला. ०.५ आणि १.३ मिळून १.८, आणि १२.४ वजा १०.६ देखील १.८.

म्हणजे पडलेल्या व्होल्टपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त निगेटिव्ह बाजूला गेलेत. लाल वायर सगळे जाड घेतात आणि काळी जवळच्या एखाद्या स्क्रूला लावून मोकळे होतात. मोटारीत ते चालतं, कारण अख्खी लोखंडी बॉडी निगेटिव्ह असते. फायबरच्या बोटीला बॉडी नाही. अँपमध्ये गेलेला प्रत्येक अँपिअर वायरीतूनच बॅटरीकडे परत यायला हवा, तेव्हा काळी वायर लालइतकीच जाड लागते.

तुमच्या कन्सोलच्या बसबारपासून बॅटरीपर्यंत कोणती वायर आहे ते बघा. माझा अंदाज ४ स्क्वेअर, कारण ती दिवे, हॉर्न आणि बिल्ज पंपाच्या हिशोबाने टाकलेली असते. तांब्याच्या १ स्क्वेअर वायरीला मीटरमागे साधारण १७.५ मिलिओहम रोध असतो. ४ स्क्वेअर म्हणजे ४.४. पाच मीटरचे २२ मिलिओहम. ३० अँपिअरला ०.६६ व्होल्ट नुसत्या वायरीत गेले. उरलेले ०.६ जोडांमध्ये आहेत आणि ते शोधणं सोपं आहे. दर वेळी टोन पाच सेकंदच लावून प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना प्रोब लावत जा: लग ते बसबार, बसबार ते लग, लग ते बॅटरी खांब. चांगल्या जोडावर ०.०५ व्होल्टच्या आतच दिसतं.

पॉझिटिव्ह बाजूलाही तेच करा. १० स्क्वेअरचे ५ मीटर म्हणजे ८.७५ मिलिओहम, ३० अँपिअरला ०.२६ व्होल्ट. तुम्हाला ०.५ मिळाले. जास्तीचे बहुधा फ्यूज होल्डरमध्ये सापडतील.

तांब्याची_तार

फ्यूज होल्डर हाताने चाचपून बघा. ०.२ व्होल्ट गुणिले ३० अँपिअर म्हणजे ६ वॅट उष्णता, तीही करंगळीएवढ्या प्लास्टिकमध्ये. ब्लेड फ्यूजचा होल्डर एका बाजूने पिवळट किंवा वितळलेला दिसला तर त्याचं कारण सहसा फ्यूज लहान असणं हे नसतं. फ्यूजच्या पात्याची पकड सैल झालेली असते. अशा वेळी मोठा फ्यूज घातला तर होल्डर आणखी तापतो आणि वायरीचं संरक्षण जातं. फ्यूज वायरीसाठी असतो, अँपसाठी अँपवर वेगळे फ्यूज असतातच.

फ्यूजची जागाही तपासा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ मानकानुसार पॉझिटिव्ह वायरीचा फ्यूज उगमापासून १८ सेंटिमीटरच्या आत हवा. वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलला जोडलेली असेल आणि तिच्यावर पूर्ण लांबीभर नळी किंवा आवरण असेल तर १८३ सेंटिमीटरपर्यंत सूट आहे. अँपशेजारी लावलेला फ्यूज मधल्या ५ मीटर वायरीला काहीच उपयोगाचा नाही. ती वायर कुठे घासून निगेटिव्हला चिकटली तर बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून जाईल.

भरती_ओहोटी

एक फॅरडचा कपॅसिटर अँपजवळ लावला तर बेसच्या ठोक्याचा प्रश्न सुटणार नाही का? मोटारीच्या सिस्टिमवाले लावतात.

ओहमकार

आकडे मांडून बघू. १ फॅरडचा कपॅसिटर १२.४ वरून १०.६ व्होल्टला येईपर्यंत साधारण २० ज्यूल देतो. अँप ओढतोय ३५० वॅटच्या आसपास. म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागाइतकीच मदत. नंतर तोच कपॅसिटर त्याच कुजलेल्या जोडांतून परत भरायचा. वर त्याला खाऱ्या हवेत ठेवायचं आणि रिकामा असताना रेझिस्टर न लावता जोडला तर ठिणगी. वायर बदला, कपॅसिटरची गरज उरणार नाही.

खारावारा

नवीन वायर टाकताना:

लाल आणि काळी दोन्ही १६ स्क्वेअर, दोन्ही बॅटरीकडून थेट, शेजारी-शेजारी, शक्य तिथे एकमेकींना पीळ देऊन. १६ स्क्वेअरला मीटरमागे १.१ मिलिओहम, जाऊन-येऊन १० मीटर म्हणजे ११ मिलिओहम, ३० अँपिअरला ०.३३ व्होल्ट. १२ व्होल्टवर ३ टक्के म्हणजे ०.३६. तेव्हा बसतंय.

वायर कलई केलेल्या तांब्याचीच घ्या, म्हणजे टिन्ड कॉपर. बारीक तारांची, लवचिक. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर दिसायला तशीच जाड असते, पण तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो आणि मिठाच्या ओलाव्यात ती आतून पावडर होते. ओळखायची असेल तर एक तार ब्लेडने खरवडा. बाहेरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर कलईचं तांबं. बाहेरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम, ती बोटीवर लावू नका.

लग कलईचे, भोक खांबाच्या मापाचं. ८ मिमीच्या खांबाला १० मिमीचा लग लावला की टेकायची जागा कमी होते. षटकोनी डायच्या क्रिम्परने दाबा, हातोडी-छिन्नीने चेपू नका. दाबल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून ओढा, निसटायचा असेल तर आत्ताच निसटू दे. वर गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह. ती तापवताना दोन्ही टोकांनी गोंदाची बारीक कडी बाहेर आली पाहिजे. कडी दिसली नाही तर पाणी आत जाणार, आणि तारांमधून ते केशाकर्षणाने वर चढतं. एका खांबावर चारच्या वर लग नकोत. जास्त करंटचा लग सगळ्यात खाली, थेट धातूला टेकलेला, मध्ये वॉशर नको.

दर ४५ सेंटिमीटरला क्लॅम्प. अँपमध्ये शिरण्याआधी वायर खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं.

शिडाची_दोरी

क्रिम्पपेक्षा सोल्डर पक्का असतो ना? मी इलेक्ट्रॉनिक्सची कामं करते, तिथे क्रिम्पवर कोणी विश्वास ठेवत नाही.

खारावारा

सर्किट बोर्डावर तुमचं म्हणणं बरोबर आहे, ताई. बोटीवर वायर सतत थरथरते. सोल्डर तारांमधून इन्सुलेशनखाली चढतो आणि तिथपर्यंत वायर काडीसारखी ताठ होते. ताठ भाग संपतो आणि लवचिक भाग सुरू होतो त्या रेषेवर एकेक तार तुटत जाते. वरून काहीच दिसत नाही, कारण तुटलेली जागा इन्सुलेशनच्या आत असते. ई-११ मध्येही कुठल्याही जोडाला सोल्डर हा एकमेव आधार नसावा असं म्हटलंय. चांगला क्रिम्प झाला असेल तर सोल्डरने त्यात काही वाढत नाही.

सुकाणू_२२

वायर बदलली. १६ स्क्वेअरच्या दोन्ही, थेट बॅटरीवर, फ्यूज बॅटरीपासून १५ सेंटिमीटरवर. बसबारची जुनी वायर ४ स्क्वेअरचीच होती, आणि तिच्या बॅटरीकडच्या लगच्या आत हिरवी पूड होती.

त्याच टोनवर आता बॅटरीवर १२.४, अँपवर १२.०, पॉझिटिव्हला ०.२०, निगेटिव्हला ०.१८. अँप बंद पडत नाही.

शीळ मात्र आहे तशीच आहे. उलट आता जास्त स्पष्ट ऐकू येते. ग्राउंड लूप आयसोलेटर लावू का?

तांब्याची_तार

आयसोलेटर म्हणजे आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. ते शीळ अडवतात आणि स्वस्तातले असले तर खालचा बेसही कापतात. त्याहून वाईट म्हणजे निगेटिव्हमधला दोष तसाच झाकून ठेवतात. आधी शीळ कुठून शिरते ते बघू. इंजिन चालू ठेवा आणि क्रमाने जा.

पहिलं, अँपच्या बाजूच्या दोन्ही आरसीए (स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या केबलच्या) पिना काढा. शीळ राहिली तर ती अँपच्या पॉवर वायरीतून किंवा स्पीकर वायरीतून येतेय. गेली तर पुढे चला.

दुसरं, त्याच आरसीए सॉकेटमध्ये फोन जोडा. फोन स्वतःच्या बॅटरीवर, चार्जर काढलेला. शीळ नसेल तर अँप निर्दोष, दोष स्टिरिओत किंवा त्याच्या निगेटिव्हमध्ये. फोन असताना शीळ नाही आणि फोनला बोटीचा चार्जर लावला की येते, असं झालं तर चार्जरही गुन्हेगारांत धरा.

तिसरं, स्टिरिओचा काळा निगेटिव्ह नेमका कुठे जोडलाय ते वायर हातात धरून शोधा.

सुकाणू_२२

आरसीए काढल्यावर शीळ गेली. फोन लावला, शांत. स्टिरिओची काळी वायर टॅकोमीटरच्या (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या) काळ्या वायरीत पिळून टेप मारलेली आहे.

तांब्याची_तार

मूळ सापडलं. टॅकोमीटरची काळी वायर इंजिनाच्या हार्नेसमधून इंजिनाच्या ब्लॉकवर जाते आणि तिथून इंजिनाच्या जाड केबलने बॅटरीला. चार्जिंगचा करंट याच केबलमधून जातो. त्यामुळे स्टिरिओचं 'शून्य' इंजिनाच्या आवर्तनांबरोबर काही मिलिव्होल्ट वरखाली होतं. अँपचं शून्य थेट बॅटरीवर, स्थिर. दोघांना जोडणारी एकच गोष्ट, आरसीए केबलची बाहेरची जाळी. हा फरक तिच्यातून करंट बनून वाहतो आणि अँपला तो सिग्नलच वाटतो. नवी वायर टाकल्यावर शीळ स्पष्ट झाली ती याचमुळे, अँपचं शून्य आता अधिक स्वच्छ आहे.

स्टिरिओचा निगेटिव्ह २.५ स्क्वेअरच्या स्वतंत्र वायरीने, अँपची निगेटिव्ह जिथे उगम पावते त्याच ठिकाणी न्या. बॅटरीजवळ छोटा बसबार लावलात तर दोघांची एकच जागा होईल. स्टिरिओची पिवळी आणि लाल लाइनही तिथूनच येऊ द्या, मध्ये तिच्या मापाचा फ्यूज.

एवढं करूनही शीळ राहिली तर स्टिरिओच्या मागच्या आरसीए सॉकेटची बाहेरची कडी आणि स्टिरिओचा धातूचा सांगाडा यांमधला रोध मोजा. आरसीए काढून आणि स्टिरिओची पॉवर बंद करून. जवळजवळ शून्य यायला हवा.

सुकाणू_२२

निगेटिव्ह हलवला. शीळ कमी झाली, गेली नाही. आरसीएची कडी ते सांगाडा: मीटर ओपन दाखवतो, काहीच जोड नाही.

ओहमकार

मग स्टिरिओच्या आतला आरसीएच्या निगेटिव्हचा बारीक फ्यूज किंवा ट्रॅक उडालाय. कारण समजून घ्या, म्हणजे परत होणार नाही. अँपची जाड निगेटिव्ह सैल असली किंवा निघाली की अँपचा करंट परतीचा दुसरा रस्ता शोधतो. तो रस्ता असतो आरसीएच्या जाळीतून स्टिरिओत आणि स्टिरिओच्या काळ्या वायरीतून बॅटरीकडे. स्टिरिओच्या आतला ट्रॅक मिलिअँपिअरसाठी असतो, तो क्षणात जातो. तुमच्या जुन्या लगमध्ये हिरवी पूड होती, तेवढं पुरेसं आहे.

खात्रीसाठी: एक बारीक तार आरसीए पिनेच्या बाहेरच्या कडीभोवती गुंडाळून दुसरं टोक सांगाड्याच्या स्क्रूला लावा. शीळ पूर्ण थांबली तर निदान पक्कं. ही तार चाचणीपुरतीच ठेवा. स्टिरिओ उघडून तो बारीक फ्यूज बदलून घ्यावा, त्याच मापाचा.

यापुढे अँपची निगेटिव्ह सोडायच्या आधी आरसीए काढायची आणि जोडताना निगेटिव्ह घट्ट झाल्यावरच आरसीए लावायची. इंजिनाची मुख्य निगेटिव्ह केबलही घट्ट आहे का बघा. ती सैल असताना स्टार्टर मारला तर स्टार्टरचा करंट याच बारीक रस्त्यांनी जायला बघतो आणि वायरी पेटू शकतात.

सुकाणू_२२

तार गुंडाळल्यावर पूर्ण शांत. स्टिरिओ दुरुस्तीला देतो. आता मागचा उजवा स्पीकर राहिला.

शिडाची_दोरी

अँपच्या कनेक्टरमधून चारही स्पीकरच्या जोड्या काढा आणि ओहमवर मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो, ते बरोबर आहे. १च्या खाली आला तर शॉर्ट, काहीच नाही आला तर तुटलेला. वाचन चालू असताना कोणीतरी मागे वायर हलवत राहायला हवं. स्थिर वायरीत मधूनमधून येणारा दोष सापडत नाही.

मग प्रत्येक स्पीकर वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजा. तिथे काहीही जोड दिसायला नको. स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे बोटीचा निगेटिव्ह नव्हे. आजच्या स्टिरिओंत आणि अँप ब्रिज केलेला (दोन चॅनेल जोडून एका स्पीकरला दिलेले) असेल तर त्यातही स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आउटपुट असतं. कुठलीही एक निगेटिव्हला टेकली की अँप प्रोटेक्शनमध्ये जातो. पाइपवर लावलेल्या स्पीकरांत हे फार होतं, पाइपच्या भोकाच्या धारेवर वायर कापली जाते. तिथे रबरी ग्रोमेट हवाच.

सुकाणू_२२

तीन स्पीकर ३.५ आणि ३.६. मागच्या उजव्याच्या जोडीवर ५.८, वायर हलवली की एकदम ओपन. स्पीकरच्या पट्ट्यांवर थेट मोजलं तर ३.६. निगेटिव्हशी जोड कुठेच नाही. वायर मागच्या झाकणाच्या बिजागरीजवळून जाते.

शिडाची_दोरी

स्पीकर ठीक आहे, वायर बिजागरीपाशी मेलीय. तिथून कापा आणि इन्सुलेशन सोला. तार काळी निघाली तर आणखी १० सेंटिमीटर मागे कापा, चकचकीत तार दिसेपर्यंत. काळ्या तारेवर क्रिम्प धरत नाही. पाच-सहा वेळा कापूनही काळीच निघत असेल तर अख्खी वायर बदला, २.५ स्क्वेअरची कलईची. बिजागरीपासून दूर न्या, वळणाला ढील द्या.

जोडताना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं झालं तर स्पीकर वाजतो, पण बेस पातळ होतो, कारण दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतात. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा, अँप जोडलेला नसताना. सेलचा पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला लागला की कागद बाहेर येतो.

खारावारा

स्टार्टरचा प्रश्न राहिला. स्टार्टर फिरताना एका बॅटरीचं व्होल्टेज १० किंवा त्याच्याही खाली येतं. स्टिरिओ त्यावर रीसेट होणारच, वायरिंग कितीही चांगलं असो. उपाय म्हणजे दुसरी बॅटरी फक्त दिवे आणि म्युझिकसाठी, आणि मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले. तो साधारण १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ला सोडतो, म्हणजे चार्जिंग सुरू असतानाच दोघी एकत्र. इंजिनाची बॅटरी म्युझिकने रिकामी होत नाही हा त्याचा खरा फायदा. लहान आउटबोर्डचं चार्जिंग आयडलिंगला फार थोडं असतं, इंजिन घुरघुरत ठेवून गाणी लावली तरी बॅटरी उतरतच असते.

मुख्य स्विच इंजिन चालू असताना कधीही 'ऑफ'वर नेऊ नका, चार्जिंगचे डायोड उडतात.

भरती_ओहोटी

रंगांबद्दल विचारायचं होतं. स्टिरिओच्या हार्नेसमधली पिवळी वायर बोटीच्या पिवळ्या वायरीला लावायची ना?

तांब्याची_तार

नाही! थांबा. मोटारीच्या पद्धतीच्या स्टिरिओ हार्नेसमध्ये पिवळी म्हणजे कायमचा पॉझिटिव्ह, मेमरीसाठी. बोटीच्या वायरिंगमध्ये ई-११ नुसार पिवळी म्हणजे डीसी निगेटिव्ह (काळीही चालते). रंगाला रंग जोडला तर थेट शॉर्ट. बोटीच्या प्रत्येक वायरीवर मीटर लावल्याशिवाय जोडू नका.

हार्नेसमध्ये लाल म्हणजे स्विच केलेला पॉझिटिव्ह, काळी निगेटिव्ह. पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल ती त्या स्पीकरची निगेटिव्ह. निळी-पांढरी म्हणजे अँपचा रिमोट, स्टिरिओबरोबर अँप चालू करणारी लाइन. नुसती निळी ही अँटेनाची, बऱ्याच स्टिरिओंत ती फक्त रेडिओ लागला असतानाच जिवंत असते. रेडिओवर अँप चालतो आणि ब्लूटूथवर बंद पडतो, अशी तक्रार आली की आधी हे बघायचं. आणि हिरवी जांभळीचा विचार करताना एक भान ठेवा, बोटीत साधी हिरवी वायर बाँडिंगची, म्हणजे बोटीवरचे धातूचे भाग एकमेकांना जोडणारी असते. तिला स्पीकर किंवा अँपचा निगेटिव्ह लावला तर पाण्यातल्या धातूंतून भटका करंट वाहतो आणि प्रोपेलर, आउटड्राइव्ह खाल्ले जातात. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत तर हल खाल्ला जातो.

नांगर_टाकला

आमच्याकडे शीळ नाही, पण एलईडी दिवे लावले की एफएम रेडिओवर फरफर येते. म्युझिक ब्लूटूथवर स्वच्छ वाजतं. संबंध आहे का?

ओहमकार

आहे, आणि हे गाण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. ब्लूटूथ स्वच्छ म्हणजे वायरिंगमधून काही शिरत नाही, दिव्यातलं स्विचिंग सर्किट हवेतून अँटेनात जातंय. असाच दिवा व्हीएचएफ रेडिओलाही (बोटीवरच्या संपर्काच्या वायरलेसलाही) बहिरा करू शकतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये याच विषयावर सुरक्षा सूचना काढली होती. चाचणी सोपी आहे. व्हीएचएफ शांत चॅनेलवर ठेवा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) खाली आणत खरखर ऐकू येईपर्यंत नेऊन मग ती जेमतेम बंद होईल इतकाच वर घ्या. आता एकेक दिवा लावा. खरखर परत सुरू झाली तो दिवा दोषी. तो बदला किंवा अँटेनापासून लांब न्या. फेराइटची कडी दिव्याच्या वायरीवर, दिव्याच्या अगदी जवळ लावल्याने काही वेळा भागतं, पण चाचणी परत करा.

जाता जाता, होकायंत्राजवळ स्पीकर बसवला असेल तर त्याचं चुंबक सुई ओढतं. स्पीकर हातात धरून जवळ-लांब नेऊन बघा, सुई हलायची थांबते त्याच्याही पलीकडे बसवा.

भरती_ओहोटी

शेवटचा प्रश्न. पिवळी वायर मुख्य स्विचच्या आधी जोडली तर बॅटरी उतरेल, नंतर जोडली तर स्टेशनं पुसली जातात. काय करायचं?

ओहमकार

मोजून ठरवा. सगळं बंद करून मीटर मिलिअँपिअरवर पिवळ्या वायरीत मालिकेत लावा. ५० मिलिअँपिअर आले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. महिनाभर बोट बांधलेली राहिली तर ३६ अँपिअर-तास, म्हणजे मध्यम बॅटरी अर्धी. ५ मिलिअँपिअर असले तर बिनधास्त स्विचच्या आधी जोडा, फ्यूज मात्र बॅटरीपाशीच लावा. मधलं काही असेल तर पिवळी लाइन वेगळ्या छोट्या स्विचवर घ्या.

त्याच वेळी अँपच्या रिमोट स्क्रूवर व्होल्ट बघा. स्टिरिओ बंद असताना तिथे ० हवेत. रिमोट थेट पॉझिटिव्हला बांधलेला असेल तर नुसता जागा असलेला अँप अर्धा ते एक अँपिअर खात बसतो, आणि मग पिवळ्या वायरीचा हिशोब करण्यात अर्थ नाही. दोन-तीन अँप एकाच निळ्या-पांढऱ्या वायरीवर असतील तर मध्ये रिले घ्या, त्या वायरीची ताकद काहीशे मिलिअँपिअरचीच असते. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टा पॉझिटिव्हकडे. नाहीतर रिले सुटताना येणारा झटका स्टिरिओचं ते आउटपुट जाळतो.